शेततळ्यातील पाण्याची निर्मळता

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तीन दिवस एकसारखी झड लागली होती. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही शेततळ्यावर गेलो, तो कटला जातीचे मासे पाण्याच्या वर तोंडे काढून धापा टाकीत असलेले दिसले. काठाशी टाळी वाजविली तरी ते खाली जाईनात. सूर्य वर येईपर्यंत मोठ्यांतले पुष्कळ मासे पोटे वर करून तरंगू लागले. वर्षाची आशा ज्यावर ठेविली होती ते धन असे डोळ्यांदेखत जाऊ लागले, तेव्हा आम्हांस काही सुचेना. गावातील एका वृद्ध भोईकाकांस निरोप धाडला. ते आले, ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी हुंगले, आणि म्हणाले, "पाण्याचंबी पोट भरते, भाऊ. आता काई टाकू नोका." त्यांच्या सांगण्यावरून विहिरीवरील पंप चालू करून पाण्याची धार उंचावरून तळ्यात सोडली, खाद्य बंद केले, आणि सुमारे निम्मे मासे वाचले. निम्मे गेले.

त्याच दिवसापूर्वी आठवडाभर आम्ही त्या तळ्याचा हिरवा रंग पाहुण्यांस कौतुकाने दाखवीत होतो. पाणी हिरवे म्हणजे माशांस खाणे भरपूर, अशी आमची समजूत. आणि ती सर्वस्वी खोटी होती असेही नाही. परंतु किती हिरवे, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. सन २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाल्यापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यापासून वणीपर्यंत बहुतेक गावांतून तळी झाली आहेत. तळे कोठे खोदावे, किती खोल खोदावे, बांध कसा दाबावा, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तळे भरल्यावर आतील पाण्याचे काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

पाणी बिघडते म्हणजे त्यात काय वाढते, हे प्रथम पाहू. पिकास जी अन्नद्रव्ये लागतात तीच शेवाळासही लागतात, आणि त्यांत नत्र व स्फुरद ही मुख्य. शेतात ती असली तर आपण त्यांस खत म्हणतो. तळ्यात तीच साचली तर घाण. आमच्या तळ्याचा हिशेब देतो. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, खोली ३ मीटर व बाजूंचे उतार एकास एक. तुडुंब भरले असता त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. माशांस आम्ही भुईमुगाची ढेप व भाताचा कोंडा घालीत होतो. अशा मिश्रणात प्रथिने शेकडा २८ धरली, तर १०० किलो खाद्यात नत्र सुमारे साडेचार किलो येते. मासा त्यापैकी एक तृतीयांश आपल्या अंगी लावतो. राहिलेले तीन किलो नत्र मूत्र, विष्ठा व न खाल्लेले खाद्य या रूपाने पाण्यातच राहते. तीन किलो नत्र म्हणजे साडेसहा किलो युरिया. खाद्याचे प्रत्येक १०० किलोंचे पोते तळ्यावर रिकामे करताना आम्ही जणू साडेसहा किलो युरिया पाण्यात ओतीत होतो, आणि तोही आपण होऊन कोठे जाणार नव्हता. यावर शेणाच्या पाट्या वेगळ्याच.

हे नत्र प्रथम अमोनियाच्या रूपात असते, आणि अमोनिया माशास विष आहे. परंतु पाण्यात व चिखलात राहणारे काही जंतू त्याचे नायट्राइट करतात व दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जंतू शोधून वेगळे करण्याचे काम १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने केले. आपल्या काळ्या जमिनीत शेणखत टाकल्यावर जे घडते तेच हे. नायट्रेट माशास फारसे बाधत नाही; पण ते शेवाळाचे आवडते अन्न आहे, आणि विहिरीत उतरले तर पिण्याच्या पाण्यास बाधते. एक लिटर पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. बाटलीच्या दुधावरील तान्ह्या मुलांस त्यापासून विशेष भय असते.

आता त्या पहाटेचा प्रकार. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू बाहेर टाकते, पण रात्री तेच शेवाळ प्राणवायू खाते. ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात हवेतून विरघळलेला प्राणवायू फार तर साडेसात मिलिग्रॅम राहू शकतो. तेवढ्यावर मासे, शेवाळ आणि तळाचा कुजका गाळ या तिघांचे रात्रभर भागवावयाचे. ऊन असेल तर दुसऱ्या दिवशी भरपाई होते. तीन दिवस झड असली म्हणजे खर्च चालू आणि जमा बंद. पहाटेच्या वेळी खाते शून्यावर येते, व मासा वर तोंड काढतो. उलट कडक उन्हाच्या दुपारी दाट हिरव्या पाण्याचा सामू ९ पर्यंत चढतो. सामू ७ असता पाण्यातील एकंदर अमोनियापैकी शंभरातला जेमतेम एक भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की त्याच पाण्यातील जवळजवळ निम्मा भाग विषारी होतो. म्हणजे दाट हिरवे पाणी माशास दुपारी एका रीतीने व पहाटे दुसऱ्या रीतीने गाठते.

हा विषय नीट समजला तो, वाचकांस नवल वाटेल, समुद्राच्या माशांवरून. समुद्र आमच्या जिल्ह्यापासून शेकडो कोस दूर. परंतु मुंबईस समुद्रकाठच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि तेव्हापासून वऱ्हाडातून मुंबईस गेलेल्या कित्येक मंडळींनी तेथे काचेआडचे समुद्रमासे प्रथम पाहिले. पुढे अशा खाऱ्या पाण्याच्या पेट्या घरोघरी ठेवण्याचा शौक शहरांतून वाढला. तो शौक आमचा नव्हे, आणि तो येथे कोणी करावा असेही आमचे म्हणणे नाही. पण त्या लोकांस पाणी राखण्याची जी दक्षता घ्यावी लागते ती पाहण्यासारखी आहे; कारण त्यांची पेटी दोन-तीनशे लिटरांची, आणि चुकीस तेथे क्षमा नाही. प्रवाळ तर अन्नद्रव्यांनी अत्यंत दरिद्री अशा पाण्यातच वाढणारे. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायूही सुमारे एक पंचमांश कमी मावतो. अशा पेटीत रोज चिमूटभर खाद्य पडणार. मग जेवढे आत गेले तेवढे बाहेर काढण्याची सोय केल्यावाचून गत्यंतर नाही.

ते लोक काय करतात? एक तर समुद्रातील सच्छिद्र खडक पेटीत ठेवतात. त्या खडकाच्या पृष्ठभागी वर सांगितलेले जंतू राहतात, व खोल छिद्रांत जेथे प्राणवायू पोचत नाही तेथे नायट्रेटचे पुन्हा वायूत रूपांतर करणारे जंतू राहतात. ही साधी, जवळजवळ निसर्गाची रीत जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. दुसरे साधन फेस काढण्याचे. नळीत पाणी घेऊन त्यात बारीक बुडबुडे सोडतात. मैल त्या बुडबुड्यांस चिकटून वर येते व फेसाबरोबर वाटीत जमा होते. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात, तोच हा प्रकार. ही मळी कुजून पाण्यात मिसळण्यापूर्वीच बाहेर जाते, हे त्यातील मर्म. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात व लवकर फुटतात, म्हणून हे यंत्र आपल्या तळ्यास उपयोगी नाही. तिसरी युक्ती मात्र आपल्यास थेट लागू आहे: पेटीशेजारी दुसऱ्या लहान पेटीत मुद्दाम समुद्रशेवाळ वाढवितात आणि ते दर पंधरवड्यास कापून फेकून देतात. शेवाळाने खाल्लेले नत्र व स्फुरद त्याच्याबरोबर बाहेर जाते. चौथी गोष्ट, दर आठवड्यास पाण्याचा दहावा भाग काढून नवे पाणी घालणे. आणि पाचवी, जिकडे नवशिक्यांचे हटकून दुर्लक्ष होते: आटलेल्या पाण्याची भर खाऱ्या पाण्याने नव्हे तर शुद्ध गोड्या पाण्याने करणे, कारण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते.

हे शेवटचे कलम वाचून आम्ही आमच्या वैशाखातील तळ्याकडे पाहिले. पाणी निम्म्यावर आले म्हणजे त्यातील अन्नद्रव्ये दुप्पट दाट झाली. त्यात आम्ही नायट्रेटयुक्त विहिरीचे पाणी सोडीत होतो, म्हणजे दाटात दाट. खालच्या अंगाच्या विहिरी, ज्यांच्या वर कपाशीची व उसाची खत घातलेली शेते आहेत, त्यांचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घेणे अगत्याचे आहे. तपासणीस फार खर्च येत नाही.

तळ्यात अन्नद्रव्ये येतात त्यांपैकी खाद्यावाटे येणारी आपल्या हातची आहेत. ओघाबरोबर येणारी तितकी हातची नाहीत, पण अगदी निराधारही नाहीत. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे नऊशे मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. मृगाच्या पहिल्या एकदोन सरींनी जे पाणी तळ्याकडे धावते ते सर्वांत घाण असते. गोठ्याच्या अंगणातले शेण, उन्हाळाभर साचलेला पालापाचोळा, आणि पेरणीबरोबर घातलेल्या खताचा अंश, सर्व त्यात. स्फुरद मातीच्या बारीक कणांस चिकटून येते, नायट्रेट विरघळून येते. म्हणून माती अडविली तर स्फुरद अडते. आम्ही तळ्याच्या तोंडाशी दोन मीटर खोल गाळखड्डा काढला आहे, व त्यापुढे आठ मीटर रुंदीचा मारवेल गवताचा पट्टा राखला आहे; मध्ये मध्ये वाळ्याची ठोंबे लाविली आहेत. पहिल्या दोन सरींचे पाणी आडवी फळी टाकून नाल्यास वळवितो. हे करण्यास आमच्या गड्यांनी प्रथम नाखुशी दाखविली. पाणी दारी आले असता ते परत लावावे ही गोष्ट आमच्या दुष्काळी भागातील माणसास पटणे कठीणच. ज्या वर्षी पावसाने पाठ फिरविण्याचा रंग दिसेल त्या वर्षी फळी न टाकता सर्व पाणी घ्यावे. तेव्हा हिरवे पाणीही पाणीच.

स्फुरद अडविण्यावर आम्ही एवढा भर का देतो, ते सांगावयास हवे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका सरोवराच्या मध्यभागी जाड पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब व नत्र घातले. दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. थोड्याच आठवड्यांत स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला व दुसरा पूर्ववत राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. कारण असे, की काही जातींचे नीलहरित शेवाळ हवेतील नत्र स्वतः ओढून घेते, पण स्फुरद हवेत नाही. आमच्या महाराष्ट्रात कोल्हापूरचा रंकाळा सांडपाण्याने हिरवा झाला, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सांडपाण्यात स्फुरद भरपूर असते.

याच नीलहरित शेवाळाविषयी एक गोष्ट गुरे बाळगणाऱ्यांनी ध्यानात धरावी. पाण्यावर हिरव्या रंगाची जाड साय धरली, काठाशी वाऱ्याने गोळा झाली व तीस कुबट वास येऊ लागला, तर ते पाणी बैलांस व शेळ्यांस पाजू नये. ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावर अशी साय प्याल्याने जनावरे मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस या गृहस्थाने १८७८ सालीच छापून प्रसिद्ध केली होती. सर्वच साय विषारी असते असे नाही; पण विषारी कोणती व निर्विष कोणती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

शेवाळ मारण्यास मोरचूद टाकण्याचा सल्ला पुष्कळ देतात, आणि मोरचूद शेवाळास मारते यात शंका नाही. परंतु मेलेले शेवाळ कोठे जाते? ते तळाशी बसून कुजते, कुजताना राहिलासाहिला प्राणवायू खाते, व त्यातील नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात सुटून पुढील पिकाची तयारी होते. तांबे गाळात साठते ते वेगळेच, आणि मात्रा चुकली तर मासेही जातात. खाऱ्या पाण्याच्या पेटीवाले तर तांब्याचे नाव काढू देत नाहीत. कारण प्रवाळ व कोळंबी त्याच्या लेशानेही मरतात. आमचे मत असे, की मोरचूद ही तळ्याची औषधी नव्हे.

खते घालावीत की न घालावीत, याबद्दल मत्स्यव्यवसायातील सल्लागार व आम्ही यांच्यात थोडा मतभेद आहे, तो लपविण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे, पाण्यात शेण पडल्यावाचून सूक्ष्म जीव वाढत नाहीत व रोहू-कटल्यास नैसर्गिक खाद्य मिळत नाही. हे खरे आहे; अगदी कोऱ्या पाण्यात मासा उपाशी राहतो. पण ज्या तळ्यात ओघाबरोबर शेतांचे खत आपोआप येते, ज्याचे पाणी गुरे पितात व ज्यावर ठिबक चालते, त्यात आणखी शेण ओतणे म्हणजे भरल्या पोटी जेवण. ज्यांचे तळे प्लास्टिकच्या अस्तराचे आहे व केवळ विहिरीच्या पाण्यावर भरते, त्यांनी थोडे शेणखत पोत्यात बांधून पाण्यात लोंबकळत सोडावे. पाणी हवे तितके हिरवे झाले की पोते काढून घेता येते. अस्तराच्या नव्या तळ्यात चिखल नसल्यामुळे वर सांगितलेल्या जंतूंस घर नसते. तेथे पहिले चार-सहा आठवडे मासे थोडे व खाद्य त्याहून थोडे ठेवावे. खाऱ्या पाण्याच्या नव्या पेटीसही हीच मुदत लागते.

हवे तितके म्हणजे किती, हे मोजण्याचे साधन पत्र्याच्या तुकड्यातून घरी करता येते. २० सेंटिमीटर व्यासाची एक गोल तबकडी कापून तिचे चार भाग आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत, मध्ये दोरी बांधून दोरीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. इटलीतील सेक्की नावाच्या धर्मगुरूने १८६५ साली भूमध्य समुद्राचे पाणी याच रीतीने मोजले. दुपारच्या सुमारास सावलीच्या बाजूने तबकडी पाण्यात सोडावी, आणि ती दिसेनाशी होईल ती खोली लिहून ठेवावी. ३० ते ४० सेंटिमीटर असल्यास माशांच्या तळ्यास ठीक. २० च्या आत आली की खाद्य त्याच दिवशी बंद करावे, व रात्री पंप चालविण्याची तयारी ठेवावी. मात्र गढूळ मातीमुळे आलेले आकडे वेगळे समजावेत; पहिल्या पावसानंतर तबकडी बोटभर पाण्यातही दिसत नाही, तो दोष शेवाळाचा नव्हे.

साचलेले बाहेर काढण्याचे मार्ग आमच्या हाती पेटीवाल्यांपेक्षा अधिक आहेत, कारण आमच्यापाशी शेत आहे. तळाचे पाणी सर्वांत दाट असते. पंपाचे तोंड तेथे ठेवून ते कपाशीस, तुरीस द्यावे, व तळे वरून नव्या पाण्याने भरावे. ठिबकाच्या वाळूच्या गाळणीत अडकलेले शेवाळ धुऊन पुष्कळ जण ते पाणी पुन्हा तळ्यातच सोडतात. ते भाजीच्या वाफ्यात सोडावे. पाण्यावर पसरणारी हिरवी बारीक पाने जाळीने काढून गुरांस किंवा उकिरड्यास घालावी. अझोला वाढवीत असल्यास तो नत्र हवेतून घेतो, हे लक्षात ठेवावे. पाण्यातील नत्र त्याने कमी होईल ही आशा नको, स्फुरद मात्र तो काढतो. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, चंदेरा शेवाळ खातो, पण खाल्लेल्यापैकी बरेचसे पुन्हा पाण्यातच टाकतो. मासे धरून बाजारी गेल्याखेरीज ते नत्र तळ्याबाहेर जात नाही. १०० किलो मासे धरले म्हणजे सुमारे अडीच किलो नत्र बाहेर गेले. म्हणून आम्ही आता एकदम सर्व मासे न धरता दिवाळीपासून दर महिन्यास मोठे मोठे निवडून काढतो. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ उपसून शेतात पसरावा. सरकारने २०१७ साली धरणांतील गाळ शेतांत नेण्याची योजना काढली. स्वतःच्या तळ्यातील गाळ नेण्यास तर कोणाची परवानगी नको.

फवारणीविषयी थोडे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट येथील कोणी विसरलेले नाही. त्या औषधांचे पंप व रिकामे डबे तळ्यावर धुणे हे माणसास, गुरास व माशास सारखेच घातक आहे. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे तर माशांस अत्यल्प मात्रेत मारतात. शिवाय शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव आधी मरतात, आणि मग काही दिवसांनी पाणी अकारण हिरवे झालेसे वाटते. पंप धुण्याची जागा तळ्यापासून व विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास असावी.

आमच्या तळ्यात गेल्या वर्षी खाद्य पूर्वीच्या निम्मे घातले, शेण मुळीच घातले नाही. मासे संख्येनेही कमी सोडले होते. झडीच्या दिवसांत तबकडी २६ सेंटिमीटरवर आली, तेव्हा दोन रात्री पंप चालवावा लागला. मासा मात्र एकही वर आला नाही. भोईकाका पोळ्याच्या दिवशी तळ्यावर येऊन गेले. पाणी पाहून त्यांनी मान हलविली, पण फळीमुळे पहिले पाणी वाया जाते ही तक्रार त्यांचीही आहेच. यंदा मृगापूर्वी गाळखड्डा उपसून झाला आहे, व तबकडीची नोंद दर सोमवारी वहीत होत आहे. ते आकडे पावसाळा संपल्यावर येथेच देऊ. ज्या वाचकांनी आपल्या तळ्यांची अशी नोंद ठेविली असेल त्यांनी ती आमच्याकडे धाडावी, म्हणजे काळ्या जमिनीतील व मुरमाड जमिनीतील तळ्यांची तुलना करता येईल.